डावीकडची कार्डं

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट," टेबलावर बोटाने ठेका धरत चॅम्पियन म्हणत होते. शंभरातून सात-सात वजा करत जायचं, पाच वेळा केलं की पुरे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण चॅम्पियन पाचावर थांबतात होय? अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस करत ते नवावर आले, नवावरून दोनावर उतरले आणि म्हणाले, "उरले दोन. पुढे उण्यात जाऊ का?"

"नको, नको," डॉक्टर हसत म्हणाले. "मलाच मोजता यायचं नाही."

मुलगाही हसला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो ऑफिसातून थेट इथे आला होता आणि वडिलांच्या शेजारी असा बसला होता, की जणू बक्षीस समारंभच आहे. भिंतीलगतच्या तिसऱ्या खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्या हसल्या नाहीत. रविवारी हाच माणूस शहाऐंशीच्या पुढे सरकत नव्हता. एकदा शहाऐंशीवरून ऐंशी झाले, एकदा चक्क सत्त्याऐंशी. सोमवारी गाडी बाहत्तरपर्यंत गेली आणि काल संध्याकाळी दोनापर्यंत पोचली. त्यात वजाबाकी कुठेच नव्हती. पाठांतर होतं, आणि ते वहिनींनीच करून घेतलं होतं.

वहिनी म्हणजे चॅम्पियनच्या पत्नी. क्लबात त्यांना सगळे 'कार्डवाल्या वहिनी' म्हणत. क्लबाची क्विझ दर महिन्याला व्हायची आणि चॅम्पियन ती दर महिन्याला जिंकायचे, म्हणून ते चॅम्पियन. त्यांची तयारी व्हायची कार्डांवर. प्रश्न वरती, उत्तर खाली बारीक अक्षरात, मागची बाजू कोरी. कार्डं वहिनींनी लिहायची आणि वाचायचीही वहिनींनीच, कधी मटार सोलता सोलता, कधी कपड्यांच्या घड्या घालता घालता. उत्तर आलं की कार्ड उजवीकडे ठेवायचं. नाही आलं, तर 'माहीत नाही' असं चॅम्पियन कधी म्हणायचे नाहीत, ते त्यांना कमीपणाचं वाटे. ते म्हणायचे, "पुढचा." मग ते कार्ड डावीकडे. दुसऱ्या दिवशी डावीकडची कार्डं परत घ्यायची. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. चॅम्पियनांना लोक हुशार म्हणायचे आणि वहिनींना स्वभावाने चांगल्या. त्या चाळीस वर्षांत वहिनींनाही सगळी उत्तरं येऊ लागली असतील, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

या तपासणीची कार्डं करायची टूम मुलाची. स्मरणशक्तीच्या चाचणीत काय काय विचारतात ते त्याने फोनवर शोधलं, छापून आणलं आणि आईच्या हातात दिलं.

"बाबांची तयारी करून घे," तो म्हणाला होता.

"अरे, ही डॉक्टरची तपासणी आहे. तिची कसली तयारी?"

"परीक्षा म्हटली की तयारी आलीच ना? तयारी करणं म्हणजे काय फसवणूक झाली?"

त्यावर काय बोलायचं? या घरात दुसरं कधी कुणी काही केलंच नव्हतं. वहिनींनी कात्री घेऊन कार्डं कापली आणि लिहायला बसल्या. हात सवयीने चालला. आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं, की येऊ देत त्यांना उत्तरं. खरोखर आली, तर मीच खोटी ठरेन. ठरू दे.

"आता, सुरुवातीला मी तीन शब्द सांगितले होते," डॉक्टर म्हणाले.

"लिंबू, किल्ली, चेंडू," चॅम्पियन म्हणाले. "पण लोक ते सुटे-सुटे लक्षात ठेवतात, तिथेच फसतात. चित्र करायचं. लिंबाला किल्ली लावली, आतून चेंडू निघाला." मुलाने छापून आणलेल्या कागदात हेच तीन शब्द होते.

"वा," डॉक्टर म्हणाले. पेन ठेवून ते खुर्चीत मागे रेलले. "गेल्या महिन्यात तुम्ही आम्हाला कसं धुतलंत, ते काही मी विसरलेलो नाही. दुसऱ्या टेबलावर होतो मी. डब्ल्यू हे चिन्ह कुठल्या मूलद्रव्याचं, तर आमचे सगळे एकमेकांची तोंडं बघतायत, आणि तुम्ही प्रश्न संपायच्या आत बझर दाबलात."

"टंगस्टन. जुनं नाव वुल्फ्रॅम. म्हणून डब्ल्यू."

"बुर्किना फासोची राजधानी?"

"वागादुगू. काही तरी अवघड विचारा हो."

मुलगा आईकडे वळून बघत होता. बघ, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. तपासणीला आलोय की वागादुगूला निघालोय? डॉक्टरांसमोर परवान्याचा फॉर्म पडला होता. या वयात गाडीचा परवाना नवा करायचा तर डॉक्टरची सही लागते, आणि त्या सहीवर सोमवार ठरायचा होता. सोमवारपासून नातीला दुपारी शाळेतून आणायचं काम चॅम्पियनकडे जाणार होतं. मुलाने शाळेच्या व्हॅनवाल्याला नको म्हणून सांगूनही टाकलं होतं. सहा वर्षांची पोर मागच्या सीटवर, आणि पुढे हे.

"डॉक्टर, ते घड्याळ काढायचं पान राहिलं," वहिनी म्हणाल्या.

छापून आणलेल्या कागदात तेही होतं. एक गोल काढा, आकडे मांडा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. त्याचं कार्ड होईना, म्हणून घरी ते राहून गेलं होतं. वहिनींनी एकदा भाजीच्या यादीमागे काढून बघा म्हटलं होतं. चॅम्पियनांनी गोल काढला, सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले आणि पेन्सिल ठेवून वर्तमानपत्र घेतलं.

"वहिनी, यांना काय घड्याळ काढायला लावायचं?" डॉक्टर म्हणाले. "हे त्या घड्याळाचा शोध कुणी लावला ते सांगतील."

सगळे हसले. चॅम्पियनही.

"मागच्या महिन्यात मी बहिणीकडे गेले होते," वहिनी म्हणाल्या. आवाज वर जाऊ नये म्हणून त्या पर्सच्या बंदाला धरून होत्या. "पाच वाजता आणायला येतो म्हणाले. मी रस्त्यावरच्या बाकावर सात वाजेपर्यंत बसले. फोन उचलत नाहीत. शेवटी पत्ता लागला कुठे, तर जुन्या ऑफिसच्या आवारात. गाडी लावून आत बसलेले. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली."

डॉक्टरांनी चॅम्पियनकडे पाहिलं.

"रहदारी होती," चॅम्पियन शांतपणे म्हणाले.

"असते हो संध्याकाळी," डॉक्टर म्हणाले.

"आई, तेव्हाही बाबांनी सांगितलं होतं ना, की जुन्या मित्राला भेटायला थांबलो?" मुलगा म्हणाला.

"तेव्हा मित्र होता. आज रहदारी झाली. कुठलं तरी एक ठरवा."

"आई, प्लीज."

"शर्टाची बटणं मी लावते. चहात साखरेऐवजी काय पडेल याचा नेम नाही, म्हणून डबे वरच्या फळीवर गेलेत. आज इथे गाडी यांनीच आणली ना? आणली. आणि मी शेजारी बसून घरापासून इथवर तोंड चालवत होते. थांबा, लाल आहे. आता निघा. आता डावीकडे घ्या. डावीकडे म्हटलं. मला गाडी चालवता येत नाही, डॉक्टर, पण आजची गाडी मीच चालवली."

हे सगळं वहिनी मागच्या दोन खेपांनाही सांगून गेल्या होत्या. तेव्हाही डॉक्टरांनी मान हलवली होती, तशीच आताही हलवली. मग ते पुढे झुकले. आवाज मऊ झाला. तसा मऊ आवाज वहिनींना चांगला ओळखीचा होता.

"वहिनी, तुम्हाला झोप लागते का नीट?"

"मला?"

"थकलेल्या दिसता. घरातलं माणूस वयाला आलं, की बाईमाणूस फार काळजी करतं. साधं विचारतो हं, रागावू नका. आज वार कोणता?"

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रीत तीनदा उठून गॅसचं बटण बघणाऱ्या माणसाला वार विचारतात. "बुधवार," त्या म्हणाल्या.

"गुरुवार," चॅम्पियन लगेच म्हणाले. "शून्य गुण."

गुरुवारच होता. मुलगा खो-खो हसला. डॉक्टरांनी एक चिठ्ठी ओढून तिच्यावर दोन ओळी लिहिल्या आणि वहिनींपुढे सरकवली. टॉनिक होतं. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा, महिनाभर. मग त्यांनी फॉर्म जवळ घेतला, चष्मा नाकावर चढवला आणि पेनाचं टोपण काढलं.

त्या चष्म्यामुळेच वहिनींना दुकान आठवलं असेल. सव्वीस वर्षं त्या चष्म्याच्या दुकानात नजर तपासायला होत्या. समोर तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. तिथे ट्रक चालवणारे यायचे, बसवाले यायचे. त्यांना चष्मा नको असायचा, कागद हवा असायचा. त्यातला एक जण खुर्चीत बसला आणि शेवटची ओळ घडाघडा म्हणून गेला. फार घडाघडा. बाहेर बसून आधीच्या माणसाचं ऐकून त्याने ती पाठ केली होती. वहिनी म्हणाल्या, "छान. आता तीच ओळ उलटीकडून वाचा." त्याने डोळे बारीक केले, मान पुढे काढली, आणि मग शिव्या देत उठला. मालक म्हणाले, एक गिऱ्हाईक घालवलंत. वहिनी म्हणाल्या, घालवलं. त्याला वरची दोन अक्षरंसुद्धा दिसत नव्हती.

डॉक्टरांनी तारीख घातली होती. आता सहीची रेघ उरली होती.

वहिनींनी पर्स उघडली. आत गाडीची किल्ली होती आणि रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा होता, बाहेर बसल्या बसल्या एकदा नजरेखालून घालायला म्हणून चॅम्पियनांनीच घ्यायला लावलेला. वहिनींनी रबर काढून मनगटात अडकवलं, गठ्ठा टेबलावर दोनदा ठोकून सारखा केला आणि खुर्ची पुढे ओढली. तो आवाज ऐकताच चॅम्पियन ताठ बसले. पाठ सरळ झाली, उजवा तळहात बझरवर ठेवावा तसा टेबलावर आला. घरी बसायचे तसेच.

"आई, हे काय?" मुलगा म्हणाला.

वहिनींनी वरचं कार्ड उचललं आणि उलटं धरलं. कोरी बाजू स्वतःकडे, लिहिलेली तळहाताने झाकलेली.

"प्रश्न पहिला," त्या म्हणाल्या. हा त्यांचा वाचायचा आवाज होता. त्यात राग नव्हता, लोभ नव्हता, शब्द तेवढे सुटे-सुटे. "आपली गाडी आत्ता कुठे उभी आहे?"

चॅम्पियनांनी मान वर केली. डोळे छताकडे गेले, उत्तर शोधायला नेहमी जायचे तिथे. मग खिडकीकडे आले. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, दुसरं काही नाही. डॉक्टरांचं पेन कागदाच्या वर थांबलं.

"पुढचा," चॅम्पियन म्हणाले.

वहिनींनी कार्ड डावीकडे ठेवलं.

"प्रश्न दुसरा. इथे येताना मोठ्या चौकातून आपण कुठल्या बाजूला वळलो?"

"बाबा, मोठा चौक," मुलगा म्हणाला, "तो पुलाच्या अलीकडचा, जिथे आपण नेहमी..."

"मदत चालत नाही," वहिनी कार्डावरून नजर न काढता म्हणाल्या.

"नाही चालत," चॅम्पियनांनी मुलाला समजावलं. नियमाचे ते पक्के. त्यांनी पुन्हा छताकडे पाहिलं. बोटं टेबलावर एकदा उघडली, मिटली. "पुढचा."

कार्ड डावीकडे गेलं. आता कुणी हसत नव्हतं. वहिनींना वाटलं इथेच थांबावं. एवढ्यावर समजणाऱ्याला समजलं असतं. पण समजणाऱ्याने तारीख घातली होती, आणि सोमवार चार दिवसांवर होता. ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती गेला आठवडाभर रोज जेवताना घरात बोलली जात होती. अर्ध्या तासापूर्वी याच खोलीत मुलाने ती डॉक्टरांना कौतुकाने सांगितली होती.

"प्रश्न तिसरा. सोमवारी दुपारी साडेबारा वाजता तुम्हाला कुणाला आणायला जायचंय?"

चॅम्पियनांचे डोळे पुन्हा छताकडे गेले आणि तिथेच राहिले. घरी इतका वेळ ते कधी घेत नसत. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग त्यांच्या हातातल्या कार्डाकडे, ज्यावर खाली बारीक अक्षरात उत्तर असणार हे त्यांना ठाऊक होतं. आणि मग ते हसले. क्लबात दुसऱ्या टेबलाला संधी देताना हसायचे तसे, ऐटीत.

"पुढचा."

मुलाच्या हातातला फोन वाजत होता. त्याने तो न बघताच बंद केला.

वहिनींनी तिसरं कार्ड डावीकडे ठेवलं. मग गठ्ठ्यातलं चौथं उचललं. हेही त्यांनी उलटंच धरलं.

"प्रश्न चौथा. ऑक्टोपसला हृदयं किती?"

"तीन," चॅम्पियन तत्काळ म्हणाले. "आणि रक्त निळं. ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या आणि कार्ड उजवीकडे ठेवलं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. ते लगेच बसेना, दोनदा लावावं लागलं. फॉर्म त्यांनी उलटा करून बाजूला सारला आणि खणातून एक कोरा कागद आणि पेन्सिल काढली.

"वहिनी," ते म्हणाले, "हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"आजची तिसरी खेप," वहिनी म्हणाल्या. "तिन्ही वेळा सांगितलं. ही घ्या तुमची चिठ्ठी."

टॉनिकची चिठ्ठी त्यांनी टेबलावर ठेवली, डॉक्टरांच्या अगदी हाताशी. डॉक्टरांनी ती उचलली नाही. कोरा कागद त्यांनी चॅम्पियनपुढे सरकवला.

"एक गोल काढाल का, साहेब? घड्याळाचा."

"घड्याळ?" चॅम्पियन म्हणाले. "काढतो की. ही बोनस फेरी का?"

ते वाकून गोल काढू लागले. गोल चांगला आला, एका दमात. बाराचा आकडा त्यांनी वर लिहिला, त्याला अगदी चिकटून एक, त्याला चिकटून दोन. मुलगा ते बघत होता. तिनाला चिकटून चार आले, तसा तो उठून आईच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. वहिनींनी पर्समधून किल्ली काढली आणि खांद्यावरून मागे धरली. त्याने ती घेतली.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "गाडी कुठे लावली आहे?"

"मागच्या गल्लीत. लोखंडी फाटकासमोर, हिरव्या पत्र्याच्या शेडखाली."

"बरोबर," चॅम्पियन कागदावरून मान वर न काढता म्हणाले. "एक गुण."

पेन्सिलीचा आवाज येत राहिला आणि मग थांबला. चॅम्पियनांनी कागद हातभर लांब धरून बघितला, खाली ठेवला आणि त्यांची नजर टेबलावरच्या डाव्या ढिगाकडे गेली. त्यांनी ती तीन कार्डं उचलली, कडा जुळवल्या आणि बायकोच्या हातात दिली.

"ही तीन उद्या सकाळी परत घे," ते म्हणाले. "तयार करून टाकतो."

"घेते," वहिनी म्हणाल्या, आणि मनगटातलं रबर काढून त्यांनी कार्डांना लावलं.